विश्लेषण : लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीत दोरखंडच का ठरवतात खरे-खोटे? मुंबईच्या ‘त्रिंकोमाली’चे कोडे काय?

मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानातून बांधलेली ‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी कारागिरांना तिचे आकर्षण वाटणे साहजिक. मात्र प्रतिकृतीचा सांगाडा उभा राहिला, फळ्या बसल्या, तोफा लागल्या की खरी परीक्षा सुरू होते. डोलकाठ्या आणि शिडे सांभाळणारे शेकडो दोर आता जागच्या जागी बांधायचे असतात. कोणता दोर किती जाड, कोणत्या रंगाचा, कुठून निघून कोणत्या खुंटीला बांधायचा, हे जहाजाचे साल ठरल्याशिवाय सांगता येत नाही. ‘त्रिंकोमाली’च्या बाबतीत नेमके साल ठरवणेच सर्वांत अवघड आहे.

‘रिगिंग’ म्हणजे नेमके काय?

शिडाच्या जहाजावरील दोरांच्या संपूर्ण व्यवस्थेला रिगिंग म्हणतात. तिचे दोन भाग. पहिला स्थिर दोरांचा. डोलकाठी दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे ‘श्राउड’ आणि पुढच्या बाजूने ओढून धरणारे ‘स्टे’ हे या गटात येतात. एकदा बांधले की ते हलत नाहीत. दुसरा भाग चल दोरांचा. शिडे उघडणे, गुंडाळणे, आडव्या काठ्या फिरवणे, वरखाली करणे ही कामे या दोरांनी होतात. ते कप्प्यांतून फिरून खाली येतात आणि कठड्याजवळच्या खुंट्यांना बांधले जातात.

ट्राफल्गरच्या लढाईतील नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर सुमारे २६ मैल लांबीचे दोर होते. मुंबई ते कल्याण अंतर साधारण ५० किलोमीटर आहे, त्याच्या थोडे अलीकडे संपतील इतके. हा सगळा पसारा अंधारात, वादळात, हेलकावणाऱ्या जहाजावर खलाशाच्या हाताला सापडला पाहिजे. म्हणून प्रत्येक दोराची खुंटी ठरलेली असे. खालच्या शिडांचे दोर साधारणपणे पुढच्या खुंट्यांना आणि वरच्या शिडांचे मागच्या, असा ढोबळ नियम. त्यामागचे कारण साधे आहे. वरून येणारे दोर मागे नेले की ते खालच्या दोरांत अडकत नाहीत. प्रतिकृतीत एखादा दोर चुकीच्या खुंटीला बांधला, तर तो दुसऱ्याला घासत, त्याला वेढा देत जातो. जाणकार नजर आधी तिथेच जाते, कारण तसे खरे जहाज चालूच शकले नसते.

दोर बांधण्याचा क्रमही मनाचा नसतो. श्राउड जोडीने बनवतात. एकच लांब दोर मधोमध दुमडून त्याचा फास डोलकाठीच्या माथ्यात घालायचा, म्हणजे त्याच बाजूला दोन दोर खाली येतात. आधी उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची, पुन्हा उजवीकडची, असे फास एकावर एक बसत जातात. सगळे श्राउड झाले की त्यांच्यावरून स्टेचा फास. हा क्रम चुकला तर माथ्यावरचा ढीग तिरपा दिसतो आणि तो नंतर दुरुस्त करता येत नाही; सगळे उतरवावे लागते.

दहा इंची दोर किती जाड?

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. जुन्या नोंदींत दोर ‘दहा इंची’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती त्याची जाडी नसून घेर असतो. जहाजावर दोर मोजायचा म्हणजे त्याच्याभोवती फीत गुंडाळायची, अशी पद्धत होती. त्यामुळे आधी ३.१४ ने भागून व्यास काढावा लागतो आणि मग प्रतिकृतीच्या प्रमाणाने भागावे लागते.

समजा, प्रतिकृती १ : ६४ या प्रमाणात आहे. दहा इंच घेर म्हणजे २५४ मिलिमीटर. व्यास झाला साधारण ८१ मिलिमीटर. त्याला ६४ ने भागले की सव्वा मिलिमीटर जाडीचा दोरा लागतो. दहा इंच हीच जाडी समजली तर उत्तर येते चार मिलिमीटर. म्हणजे श्राउडच्या जागी प्रतिकृतीवर सुतळी येऊन बसते. अशी जहाजे दिवाणखान्यांत बरीच दिसतात. लांबून ती भारदस्त वाटतात. जवळ गेले की डोलकाठीपेक्षा दोरच डोळ्यांत भरतो.

दुसऱ्या टोकाला बारीक दोर. श्राउडवर चढण्यासाठी आडव्या बांधलेल्या पायऱ्यांना ‘रॅटलाइन’ म्हणतात. त्यांचा घेर दीड इंचाच्या आसपास. याच प्रमाणात तो दोरा ०.१९ मिलिमीटरचा होतो, शिवणाच्या बारीक दोऱ्याएवढा. दोन पायऱ्यांत अंतर १३ ते १५ इंच असे, म्हणजे प्रतिकृतीवर पाच-सहा मिलिमीटर. हे अंतर ओळखण्यासाठी मोजपट्टीही लागत नाही. माणसाचा पाय सहज चढेल इतकेच ते असायला हवे. तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर या पायऱ्यांच्याच गाठी हजारावर जातात आणि कंटाळा येऊन अंतर वाढवण्याचा मोह इथेच होतो. मग प्रतिकृतीवरच्या खलाशाला दर पायरीला गुडघा छातीला लावावा लागेल.

कप्प्यांचेही तसेच. कप्पीची लांबी तिच्यातून जाणाऱ्या दोराच्या घेराच्या साधारण तिप्पट, असा ठोकताळा आहे. तीन इंची दोराला नऊ इंची कप्पी लागते आणि १ : ६४ प्रमाणात ती साडेतीन मिलिमीटरची होते. बाजारातील अनेक संचांत एक-दोनच मापांच्या कप्प्या येतात. त्या सगळीकडे लावल्या की वरच्या टोकाला, जिथे सर्व काही नाजूक हवे, तिथे बटाटे लटकल्यासारखे दिसतात.

पीळ आणि रंग इतके महत्त्वाचे का?

कोकणात चऱ्हाट वळताना पाहिलेल्यांना हा भाग लगेच उमगेल. जहाजावरचा नेहमीचा दोर तीनपेडी आणि उजव्या पिळाचा. उभा धरला की त्याचे पेड खालून डावीकडून वर उजवीकडे जाताना दिसतात. असे तीन दोर पुन्हा एकत्र वळले की नऊपेडी जाड दोर होतो, पण त्याचा पीळ डावा असतो. श्राउडसाठी मधे गाभा असलेला चौपेडी दोरही वापरत. शिवणाचा बहुतेक दोरा आधीच उजव्या पिळाचा असतो. त्याचे तीन पेड घेऊन दोर वळायला गेले की तो आपोआप डाव्या पिळाचा होऊ पाहतो. म्हणून अनेक कारागीर दातेरी चाकांचे छोटे यंत्र बनवून, दोऱ्याला आधी जास्तीचा पीळ देऊन, स्वतःचा दोर स्वतः वळतात. दुकानातला गुळगुळीत किंवा विणलेला दोरा लावला की पीळच नाहीसा होतो.

रंगाबाबत मात्र एकमत नाही. स्थिर दोरांना पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर पुन्हा पुन्हा दिले जाई. ते मुळात गडद तपकिरी, पण थर चढत गेले की काळपट होते. चल दोर कप्प्यांतून सरकायचे असल्याने त्यांवर इतका लेप नसे. त्यामुळे ते मूळ वाखाच्या रंगाचे, ऊन-पावसाने करडे पडलेले असत. प्रतिकृतीत सर्रास दिसणारा कोळशासारखा काळा आणि मधासारखा पिवळा हा जोड सोयीचा आहे, खरा नाही. गडद तपकिरी आणि फिकट करडा-भुरा ही निवड पुराव्याच्या अधिक जवळची.

आणखी एक तपशील बहुतेक वेळा राहून जातो. जिथे दोर घासणार, तिथे त्याच्या पेडांमधील खाचांत बारीक दोरी भरत, वरून डांबरी कापडाची पट्टी गुंडाळत आणि त्यावर पुन्हा घट्ट दोरी लपेटत. सर्वांत पुढचा श्राउड शिडाला घासतो, म्हणून त्याला हे आवरण पूर्ण लांबीभर. बाकीच्यांना फक्त माथ्याशी आणि तळाशी. प्रतिकृतीत हा फरक केसाएवढा असतो. पण तो केला असेल तर दोर कशासाठी आहे हे करणाऱ्याला कळले होते, एवढे नक्की समजते.

दोरांवरून साल कसे ओळखतात?

जहाजाचा सांगाडा पन्नास वर्षे टिके, दोर मात्र सतत बदलत. त्यामुळे नवी पद्धत आली की ती आधी दोरांत दिसते. जहाजाच्या नाकाडावर पुढे आलेल्या तिरप्या काठीच्या टोकाला उभी छोटी डोलकाठी दिसली, तर ते जहाज साधारण १७२० पूर्वीचे. त्याच तिरप्या काठीखाली खाली झुकलेला दांडा, म्हणजे ‘डॉल्फिन स्ट्रायकर’, दिसला तर १७९० च्या दशकानंतरचे. नांगराला दोराऐवजी साखळी असेल तर एकोणिसाव्या शतकात आलोच. तारेचे दोर त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ होत गेले. लंडनच्या ग्रिनिच भागात जतन केलेले ‘कटी सार्क’ हे १८६९ चे चहाचे जहाज आहे. त्याचे स्थिर दोर धातूच्या तारेचेच आहेत.

म्हणून १७६५ च्या जहाजावर साखळी किंवा १६५० च्या जहाजावर डॉल्फिन स्ट्रायकर लावणे हे शिवकालीन नाटकात मनगटी घड्याळ दिसण्यासारखेच.

पुरावा शोधायचा कुठे?

सोपे उत्तर : खरे जहाज जाऊन बघा. पण तेच सर्वांत फसवे निघू शकते. ‘व्हिक्टरी’ पोर्ट्समथ येथे १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे आणि तिला १८०५ च्या रूपात आणण्याचा प्रयत्न तेव्हापासून सुरू आहे. तरीही तिच्या खालच्या डोलकाठ्या लाकडाच्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘एचएमएस शाह’ या दुसऱ्या जहाजाच्या लोखंडी पोकळ डोलकाठ्या तिच्यावर बसवण्यात आल्या. २०११ मध्ये तिचे वरचे टप्पे व दोर उतरवण्यात आले. म्हणजे कोणत्या वर्षी काढलेले छायाचित्र समोर ठेवले, यावरही प्रतिकृती बदलेल. जतन केलेल्या अनेक जहाजांवर आता कृत्रिम धाग्याचे दोर आहेत. त्यांच्या रंगावरून काही ठरवणे धोक्याचे.

जुन्या प्रतिकृतींचे काय? संग्रहालयांत सतराव्या-अठराव्या शतकातील सुंदर प्रतिकृती आहेत. त्यांचे लाकूड अस्सल असले तरी दोर कुजतात, आणि अनेकींना नंतरच्या काळात नवे दोर बांधले गेले. बांधणाऱ्याने आपल्या काळची पद्धत वापरली असेल तर पुढचा अभ्यासक तीच चूक पुरावा म्हणून उचलतो. दोरांच्या बाबतीत चूक अशीच पिढ्यान् पिढ्या चालत येते.

याउलट उदाहरण अमेरिकेतील. ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’चा कप्तान आयझॅक हल याने जहाजावरील माणसांनी बनवलेली प्रतिकृती १८१३ मध्ये सेलमच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीला भेट दिली. ती आज तेथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयात आहे. सफाईदार कारागिरी हे तिचे वैशिष्ट्य नाही. पण रोज ते दोर ओढणाऱ्यांनी ती बांधली होती. म्हणूनच पुढे खऱ्या जहाजाच्या दुरुस्तीच्या वेळी अभ्यासकांनी तिचा आधार घेतला. खेळण्यातले जहाज पाहून खरे जहाज दुरुस्त करण्याची वेळ येते, तेव्हा त्या खेळण्यातल्या प्रत्येक गाठीला किंमत येते.

स्वीडनच्या ‘वासा’ची गोष्ट आणखी वेगळी. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेले हे जहाज १९६१ मध्ये वर काढण्यात आले. तिच्या कोठारात न वापरलेली शिडे सापडली, कप्प्या व दोरांचे अवशेषही मिळाले. सतराव्या शतकातील रिगिंगचा इतका थेट पुरावा दुर्मीळ आहे.

बाकी भिस्त पुस्तकांवर. डेव्हिड स्टील यांचा १७९४ चा ग्रंथ आणि डार्सी लीव्हर यांचे १८०८ चे सचित्र पुस्तक त्या काळातच, काम करणाऱ्यांसाठी लिहिले गेले. विसाव्या शतकात आर. सी. अँडरसन यांनी १६०० ते १७२० या काळावर, तर जेम्स लीस यांनी १६२५ ते १८६० या काळातील इंग्लिश युद्धनौकांवर लिहिले. सी. नेपियन लाँगरिज यांनी ‘व्हिक्टरी’ची १ : ४८ प्रमाणातील प्रतिकृती स्वतः बनवून मग १९५५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, हौशी मंडळी आजही ते उघडून शेजारी ठेवतात. लीस यांचे पुस्तक वापरताना मात्र एक पथ्य पाळावे लागते. ते सर्वसाधारण नियम सांगते. एखाद्या विशिष्ट जहाजाने तो नियम पाळलाच असेल असे नाही.

‘त्रिंकोमाली’चे कोणते साल खरे?

‘त्रिंकोमाली’ला जन्माआधीच अपघात झाला. तिचे आराखडे इंग्लंडहून मुंबईला ‘एचएमएस जावा’ या जहाजातून निघाले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ला ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ने हरवले आणि नंतर जाळून टाकले. आराखडेही गेले. दुसऱ्या प्रती पाठवाव्या लागल्या. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ही नौका अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. वाडियांनी मुंबईत बांधलेल्या नौकांचा सागवान टिकाऊ म्हणून नावाजलेला होता. ही नौका दोनशे वर्षांनंतरही तरंगते आहे हा त्याचाच दाखला. (प्रतिकृतीत मात्र सागवान वापरत नाहीत. त्याचे रेषे इतक्या लहान मापात भरड दिसतात.)

कोडे पुढे आहे. १८१९ मध्ये ती पोर्ट्समथला पोहोचली, तेव्हा नेपोलियनची युद्धे संपून चार वर्षे झाली होती. नौदलाला नव्या फ्रिगेटची गरज नव्हती. तिच्या डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून तिला राखीव ठेवण्यात आले. पुढची पंचवीसेक वर्षे ती अशीच होती. १८४७ मध्ये ती प्रथम सेवेत दाखल झाली, पण तोवर तिला ‘कॉर्व्हेट’चे रूप देण्यात आले होते. ३८ तोफांच्या जागी २६ तोफा आल्या आणि मागचा भाग नव्या पद्धतीने गोलाकार करण्यात आला. त्या रूपात तिने उत्तर अमेरिका-वेस्ट इंडिज आणि नंतर पॅसिफिकमध्ये काम केले. पुढे ती ‘फूड्रॉयंट’ या नावाने प्रशिक्षण नौका झाली. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला आली आणि नंतर तिला मूळ नाव परत मिळाले.

तेव्हा ३८ तोफा, सर्व शिडे फुगलेली, युद्धाला निघालेली ‘त्रिंकोमाली’ ही बहुतेकांना हवीहवीशी वाटणारी प्रतिकृती असली, तरी तो प्रसंग कधी घडलाच नाही. खरे पर्याय दोन. मुंबईहून इंग्लंडला जाणारी १८१८-१९ मधली नौका, किंवा १८४७ नंतरची कॉर्व्हेट. पहिला पर्याय निवडला तर दोर नेपोलियनकालीन पद्धतीचे, १७९४ आणि १८०८ च्या पुस्तकांना धरून. दुसरा निवडला तर सांगाड्याचा मागचा भागही बदलावा लागतो, आणि साखळ्या व लोखंडी जोडकामाचा विचार करावा लागतो. १८१७ चा सांगाडा आणि १८४७ चे दोर अशी सरमिसळ केली, तर तयार होणारे जहाज कोणत्याच वर्षीचे नसते.

तिसराही एक पर्याय आहे, जो कोणी निवडत नाही : छप्पर घातलेली, डोलकाठ्या नसलेली नौका. त्या अवस्थेत तिने दोन दशकांहून अधिक काळ काढला. तिच्याच आराखड्याच्या कुळातली १८२४ ची ‘एचएमएस युनिकॉर्न’ स्कॉटलंडमधील डंडी येथे अजून तशीच छपराखाली आहे. दोर बांधण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी इतकी प्रामाणिक सोय दुसरी नाही.

मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर लस्कर खलाशांची स्वतःची दोरभाषा होती, हेही लक्षात घ्यायला हवे. वरच्या टप्प्याच्या शिडाला ‘गावी’ म्हणत, ते पोर्तुगीज शब्दावरून आले. पुढच्या शिडाचे ‘तिरकट’ही तसेच. हे शब्द इतके रुळले होते की थॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोशच छापला.

शिडे लावायची की नाही?

बहुतेक प्रतिकृती शिडांविना ठेवतात, कारण कापड कितीही पातळ घेतले तरी ते मापाला जाड पडते आणि मेहनतीने बांधलेले दोर झाकले जातात. हरकत नाही. पण शिडे नसतील तर आडव्या काठ्याही त्या अवस्थेत दिसायला हव्यात. वरच्या टप्प्याची काठी शीड उघडताना वर ओढली जाई आणि शीड मिटले की खाली येऊन बसे. प्रतिकृतीत ती वर ताणून ठेवली आणि तिच्यावर शीडच नसेल, तर खलाशांनी रिकामी काठी कशासाठी ओढली, हा प्रश्न पडतो. जहाजाच्या खोक्यावरील चित्रांत हे हमखास चुकलेले असते. शीड काढल्यावर त्याचे दोर मोकळे लोंबकळत सोडत नसत. खालून आणि वरून येणारी टोके एकमेकांत अडकवून ठेवत. हे दाखवायला दोन मिनिटे लागतात.

हातात संच आलेल्या नवशिक्याने काय करावे? सगळे दोर बदलण्याची गरज नसते. आधी साल ठरवावे. मग रॅटलाइनचे अंतर, श्राउडची जाडी आणि वरच्या कप्प्यांचे माप, एवढ्या तीन गोष्टी तपासल्या तरी फरक दिसतो. जाडी तपासायला साधनही घरचेच चालते. पेन्सिलीवर दोऱ्याचे दहा वेढे एकमेकांना चिकटवून घ्यायचे, त्यांची रुंदी मोजायची आणि दहाने भागायचे. संग्रहालयांसाठी काम करणारे कारागीर याच्याही पुढे जाऊन प्रतिकृतीसोबत एक टिपण ठेवतात : कोणते साल धरले, कोणता दोर कोणत्या पुस्तकावरून घेतला, आणि पुरावा न मिळाल्याने कुठे अंदाज केला. उद्या कोणी ही प्रतिकृती पाहून दुसरी बनवायला घेतली, तर कोणत्या गाठीवर विसंबायचे आणि कोणत्या नाही, हे त्याला त्या कागदावरून कळते.